त्रेसष्टच्या गटातली दिपू

मळा, शिंदखेडा
रविवार, २९ जून २०२५

भाऊ,

साष्टांग नमस्कार. आणि हा नुसता कागदावरचा नमस्कार नाही बरं का. हल्ली रोज सकाळी खरोखरचे घालते. सर घालायलाच लावतात. त्यातला शेवटचा, दम लागलेला, तुझ्या नावचा धरते.

आम्ही सगळे ठीक. आबांची शुगर आटोक्यात आहे, म्हणजे आई म्हणते आटोक्यात आहे आणि आबा कोठीत जाऊन गुपचूप गूळ खातात. बागायती कपाशी वीतभर झालीय. म्हशीला रेडी झाली म्हणून आई खूश आहे, शेजारच्या प्रमिलाकाकूच्या म्हशीला रेडा झाला म्हणून जास्तच खूश आहे.

तू म्हणशील, फोन असताना ही बया पत्र कशाला लिहिते. कारण फोन लागला की आई तो स्पीकरवर टाकते. मग आबा सरकून बसतात, मग काकू कुंपणाच्या वईवरून डोकावते, आणि आपण दोघं 'जेवलास का', 'जेवले' एवढंच बोलून ठेवून देतो. रुपचंद कुवेतला परत निघालाय. त्याच्या बॅगेत उडदाचे पापड, ज्वारीचे बिबडे आणि त्यांच्या मध्ये हे पत्र घातलंय. बिबडे कमी भरले तर रुपचंदला धर.

तर आता ऐक. मी वजन उचलते.

पाण्याचे हंडे आणि सरकीची पोती म्हणत नाही मी, ती तर जन्मापासून उचलते. लोखंडी बार, त्याला दोन्हीकडून रबरी प्लेटी, आणि तो जमिनीवरून सरळ डोक्यावर. तू जिममधले एसी दुरुस्त करत फिरतोस ना, तिथं एखाद्या कोपऱ्यात लाकडी फळ्या टाकून धाडधाड आदळआपट करणारी माणसं दिसत असतील. त्यांच्या जातीची झालेय मी.

झालं असं. सोनल आठवते ना, माझ्या वर्गातली, आता पार्लर चालवते. तिला तिच्या दिराच्या लग्नाआधी बारीक व्हायचं होतं. बाजारपेठेत खताच्या दुकानावर जिम निघालीय आणि दुपारी तिथं बायकांची बॅच असते. एकटी जायला लाजत होती, म्हणून मला ओढून नेलं. घरी आम्ही पाठदुखीचा व्यायाम म्हणून सांगितलं. लग्न झालं, सोनल होती तेवढीच राहिली, मी मात्र तिथंच चिकटले. दीड वर्ष होत आलं.

जिम जीवराम सरांची. भुसावळला रेल्वेत होते, रेल्वेच्या टीमकडून वजन उचलायचे. रिटायर होऊन गावी आले. पोटाकडे पाहून कोणी विश्वास ठेवणार नाही. संध्याकाळी पोरांची बॅच असते आणि त्या पोरांना वजन उचलण्यात काडीचा रस नाही, त्यांना बॉडी पाहिजे. धुळ्याला नाहीतर जळगावला कुठल्या ना कुठल्या 'श्री'ची स्पर्धा लागते, चौकात बॅनर चढतो आणि आमची पोरं अंगाला तेल फासून आरशासमोर उभी. दंड हे एवढाले आणि पाय बगळ्याचे. सर म्हणतात, वर माडी आणि खाली तुराट्या. एकाच्या आईनं तर सरांकडे येऊन तक्रार केली, की पोरगा माझ्या माळकरी घरात अंडी उकडतो आणि त्या पावडरीचा डबा देव्हाऱ्याशेजारी ठेवतो.

पहिल्या दिवशी सरांनी सोनलला सांगितलं, बार खांद्यावर घे आणि पार खाली बस. ती अर्ध्यातच अडकली. पोरांचंही तसंच होतं, टाचा उचलतात, नाहीतर पुढं तोंडावर येतात. मग मला म्हणाले, तू बस. मी बसले. खुरपं घेऊन निंदायला बसतो तशी बसले, दुसरं काय. टाचा जमिनीला, पाठ ताठ. सर म्हणाले, "उठू नकोस." आणि बाजारात म्हैस घेताना पाहतात तसे माझ्याभोवती फिरून आले. मग विचारलं, "ही बैठक शिकवायला माझी भुसावळला वर्षं गेली. तू कुठं शिकलीस?" मी म्हटलं, भुईमुगाच्या शेतात. खूप हसले. सोनल अजून त्यावरून चिडवते.

आता खरं काम. दहा ऑगस्टला धुळ्याला बायकांची विभागीय स्पर्धा आहे, आणि सरांनी माझं नाव त्रेसष्ट किलोच्या गटात घातलंय. म्हणजे माझं स्वतःचं वजन त्रेसष्टच्या वर एक तोळाही नको. सर म्हणतात या गटात माझ्यासमोर टिकेल अशी कोणी नाही, सोनं आपलंच, फक्त तोंड आवर. गोड बंद. सरांना कानबाईच्या सणाचं टेन्शन आलं होतं, कारण ती तीन ऑगस्टला आणि तिच्या प्रसादाच्या पुरणपोळ्या, आपले रोट, पौर्णिमेपर्यंत घरातच संपवायचे. मी म्हटलं सर, काळजीच नको. आमच्याकडे दिल्या घरच्या पोरीला माहेरचे रोट चालत नाहीत, ते भाऊबंदांनीच खायचे. गेल्या कानबाईलाही मी बाजूला बसून वरणभात जेवले. तेव्हा जरा मनाला लागलं होतं. असो.

भाऊ, मला या स्पर्धेत उतरायचंय. इतकं काही मागायची मला सवय नाही, पण हे पाहिजे. आई ऐकणार नाही, 'लोक काय म्हणतील' तिच्या जिभेवर तयारच असतं. तू आईशी बोललास तर ती नाही म्हणणार नाही. तुझा शब्द या घरात अजून चालतो.

आणि तिकडं कसं असतं ते सविस्तर लिही. तिकडच्या बायका उचलतात का? त्यांच्या आया काय म्हणतात? सासरचं विचारू नकोस, ते सगळं नीट आहे. मी आबांसाठी थांबलेय.

तुझी,
दिपू


साल्मिया, कुवेत
शुक्रवार, १८ जुलै २०२५

चि. दिपूस,

पोटभर आशीर्वाद. (तुला आता वजन सांभाळायचंय, म्हणून पोटभर फक्त आशीर्वादच.)

बिबडे पोचले. रुपचंदनं हात लावला नाही, पण खोलीतल्या लोकांनी दोन दिवसांत फडशा पाडला. आमच्या जिमचा ट्रेनर महमूद इजिप्तचा आहे. त्याला एक बिबडा दिला, तळून खायचा असतो म्हणून सांगायच्या आत त्यानं कच्चाच कडाकडा चावून खाल्ला आणि म्हणाला, यात प्रोटीन किती?

तुझं पत्र मी गच्चीवर एसीच्या युनिटच्या सावलीत बसून वाचलं. वर ऊन असं की पक्कड हातात धरवत नाही, आणि मी एकटाच वेड्यासारखा हसतोय. भुईमुगाच्या शेतात म्हणे. महमूदला सांगितलं तर तो हसला नाही, गंभीर झाला. म्हणाला, इथले लोक जन्मभर गाडीत आणि खुर्चीत बसतात, त्यांना जमिनीपर्यंत बसायला शिकवायचा माझा वेगळा क्लास आहे. तुझी बहीण इथं आली तर माझी नोकरी जाईल.

इथलं काय सांगू तुला. जिम आपल्या शिंदखेड्याच्या बसस्टँडपेक्षा मोठी. उन्हामुळे बाहेर कोणी चालत नाही, म्हणून लोक गाडीनं जिमपर्यंत येतात आणि आत येऊन पट्ट्यावर चालतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं यांना घरी कोणी काम सांगत नाही का. बॉडीचा नाद मात्र आपल्या जळगावच्या पोरांच्या दहापट. संध्याकाळची नमाज झाली की जी गर्दी होते ती मध्यरात्रीपर्यंत. कोंबडीचं मांस डब्यातून तोलून आणतात, घड्याळ लावून खातात. आरसे इतके, की एसीचं फिल्टर काढायला शिडीवर चढलो तर चारही बाजूंनी मीच दिसतो, आणि चारही बाजूंनी पोट सुटलेला.

आमच्या इमारतीत हुसैनचाचा आहेत, इराणचे. त्यांच्या गावाकडे जुन्या पद्धतीची तालीम असते. मधोमध खोलगट हौदा, त्यात उतरून सगळे मिळून व्यायाम करतात, आणि वर बसलेला एक माणूस ढोल वाजवून कवनं म्हणतो. त्यांनी मोबाइलवर दाखवलं. त्यांच्या हातात काय असावं? आपले मुद्गल. हुबेहूब. धुळ्याच्या तालमीत आबा फिरवायचे ना लग्नाआधी, तेच. मी चाचांना म्हटलं, हे आमचे. ते म्हणाले, आमचे. तासभर भांडलो, मग चहा प्यालो.

आता तू विचारलंस ते. बायका. आमच्या जिमला बायकांचा वेगळा मजला आहे. तिथला एसी बंद पडला की मला ती जिम बंद असताना जावं लागतं, त्यामुळे मी पाहिलं नव्हतं. पण पत्र वाचल्यावर तिथल्या जॉयला विचारलं. ती फिलिपाइन्सची, दवाखान्यात नर्स आहे. तिच्या देशातल्या बऱ्याच बायका इथं आहेत, कोणी नर्स, कोणी घरकामाला. शुक्रवारी सुट्टी मिळाली की त्यांच्यातल्या काही इथं येऊन वजनं उचलतात. का, तर त्यांच्या देशाला ऑलिंपिकमधलं पहिलं सोनं एका वजन उचलणाऱ्या बाईनं आणून दिलं. जॉय म्हणाली, ते पदक आलं त्या दिवशी तिची आई, जी आधी म्हणायची असलं केलंस तर नवरा मिळणार नाही, तीच गल्लीभर पेढे वाटत होती. पेढे म्हणजे त्यांचं जे काय असेल ते. म्हणजे आया सगळीकडे सारख्याच, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

तर तू उचल. आईशी मी काल बोललो. आधी म्हणाली, पोरीची जात. मग म्हणाली, कंबर लचकली तर. मग मी आवाज चढवला, तर म्हणाली, ठीक आहे, पण मी बरोबर जाणार आणि डबा नेणार. एवढं चालवून घे.

आता एक गोष्ट, मोठा भाऊ म्हणून. तू लिहिलंस, सासरचं विचारू नकोस. म्हणून विचारतो. गेल्या कानबाईलाही तू माहेरीच होतीस? आबांची शुगर तेव्हा कुठं होती? विक्रमला मी चार वेळा फोन केला, उचलत नाही. तो माझा मित्र, ते स्थळ मी आणलं, त्याच्या केळीच्या बागेत बसून मीच लग्न पक्कं केलं. काही भांडण असेल तर सांग. मी डिसेंबरमध्ये येतोय. स्वतः तुला यावलला नेऊन पोचवीन, त्याच्याशी समोरासमोर बोलेन, सगळं नीट करून देईन. काळजी करू नकोस.

सोनगीरचा बादल सुट्टीवर येतोय, त्याच्याबरोबर हे पत्र आणि मनगटाला बांधायच्या पट्ट्या पाठवतो. महमूदनं भुईमुगाच्या शेताला सलाम म्हणून दिल्या आहेत.

तुझा,
ज्ञानेश्वर


मळा, शिंदखेडा
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

भाऊ,

आधी निकाल सांगते, म्हणजे तू स्वस्थ बसून वाचशील. तिसरी आले. पदक मिळालं. पण त्रेसष्टच्या गटात नाही, त्याच्या वरच्या, एकोणसत्तरच्या गटात. कसं, ते सांगायला कानबाईपासून सुरुवात करायला हवी. आणि कानबाईच्या आधी विक्रमपासून.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. यावलला नेऊन पोचवीन, या ओळीवर प्रत्येक वेळी थांबले. भाऊ, तिथं मला पोचवायला आता घर नाही. मार्चमध्ये कोर्टात सह्या झाल्या. विक्रम दोन वर्षांपासून सुरतेला असतो, तिथं त्याचा दुसरा संसार आहे. त्यानं मला कधी हात लावला नाही, वाईट बोलला नाही. त्याला मी नको होते, एवढंच. सासू म्हणाली, जरा माहेरी राहून ये, आणि मग न्यायला कोणी आलं नाही. पहिल्या दिवाळीला मी फाटकाकडे पाहायचे. दुसऱ्या दिवाळीला पाहायची बंद झाले. त्या दोन दिवाळ्यांच्या मधेच सोनलनं मला जिममध्ये ओढून नेलं, आणि मी इतकी दमून घरी यायचे की रडायला ताकद उरायची नाही. नंतर लक्षात आलं, की रडू उरलेलंच नाही.

तुला कळवायचं नाही, असं आईनं शपथ घालून ठेवलं होतं. तो परमुलखात एकटा, स्थळ त्यानं आणलेलं, जीवाला लावून घेईल. म्हणून आबांची शुगर पुढं केली. बिचाऱ्या आबांना माझ्यापायी नसलेला आजार झाला आणि मग खरंच झाला. तू जीवाला लावून घेऊ नकोस. मला तुझा राग कधीच आला नाही. आता शपथ मोडलीय, आईला सांगू नकोस, निदान स्पीकरवर तरी.

तर कानबाई. शनिवारी गहू निवडून ठेवले, आबा ओटीवर सूप घेऊन बसले. तुला माहीत आहे आपल्या घरची रीत. घरातल्या पुरुषाच्या नावानं एक मूठ, आणि त्या मुठीमागं रोटांसाठी सव्वाशेर गहू. आबांनी स्वतःच्या नावाची मूठ टाकली. मग तुझ्या नावाची टाकली. कुवेतला असलास म्हणून काय झालं, मूठ चुकत नाही. मी दाराशी जातं पुसत होते. आणि आबांनी तिसरी मूठ उचलली.

प्रमिलाकाकू मदतीला आली होती. तिनं विचारलं, ही कोणाची. आबा म्हणाले, "दिपूनी." माझी.

काकूनं दिल्या घरच्या पोरीचा नियम काढला, "लगीन व्हयेल अंडेरले रोट चालत नही, आबा. आणि बाईमाणूसना नावनी मूठ कोनी पाह्यी?"

आबांनी मूठ सुपात सोडली. सोडून मग बोलले, "आमनी पोर शे, आमना घरमा शे. तिनी मूठ पडी."

एवढंच. आई आत गेली आणि तिनं चुलीत इतका जाळ घातला की दूध उतू गेलं. मी जातं पुसत होते ते पुसतच राहिले. भाऊ, कोर्टात सह्या झाल्या तेव्हा मला नुसतं सुटल्यासारखं वाटलं होतं. घरी आल्यासारखं त्या मुठीनं वाटलं. मी रडले, उगाच लपवत नाही. जात्यावर बसून रडले आणि पीठ चिकट होईल म्हणून काकूनंच पदरानं माझे डोळे पुसले. वर म्हणाली, "दळ आता, तुझं तूच खाणार आहेस."

रविवारी कानबाई बसली. नारळाला नथ घातली, कण्हेरीची फुलं वाहिली, बायकांनी गाणी म्हटली, फुगड्या झाल्या. सोनल माझ्याबरोबर फुगडी घालायला आली आणि मी जरा जोर लावला तर ती तुळशीपाशी जाऊन पडली. आता कोणी माझ्याशी फुगडी घालत नाही. मग पान वाढलं. पुरणपोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी. माझं पान आबांच्या शेजारी.

आणि तेव्हा मला सर आठवले.

आता तू हिशोब कर. आबांना गोड बंद. आई किती खाईल, तिचा घास तो केवढा. तुझा वाटा तुझ्यावाचून पडलेला. घराबाहेर द्यायचं नाही, गाईला घालायचं नाही, टाकायचं तर नावच नको, आणि पौर्णिमेच्या आत संपलंच पाहिजे. आई रोज सकाळी ताटात दोन वाढायची, संध्याकाळी उरलेल्या दुधात कुस्करून. मी म्हटलं, आई, वजन वाढेल, स्पर्धा आहे. तर आई शांतपणे म्हणाली, "कानबाईनं अन्न काट्यावर येत नही." तिचा खरोखर विश्वास आहे. देवीचं अन्न अंगाला लागतं, वजनाला लागत नाही.

मला नाही म्हणता आलं असतं. सरांनी तर फोनवर हात जोडले, म्हणाले, चव घे आणि ऊठ. पण दोन वर्षं मी त्या पानाच्या बाजूला बसून वरणभात जेवलेय. आता पान मिळाल्यावर चव घेऊन उठायची माझी तयारी नव्हती. मी माझा वाटा खाल्ला आणि तुझाही खाल्ला. शेवटचा रोट पौर्णिमेला दुपारी संपवला, मग तुझ्या फोटोला राखी दाखवली. ती बादलबरोबर पाठवतेय, उशिरा का होईना बांधून घे.

रविवारी पहाटेच्या एसटीनं धुळ्याला निघालो. मी, आई, सोनल, सर आणि आईचा डबा. सोनगीर जाईपर्यंत सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. स्पर्धेच्या ठिकाणी आधी वजन करतात, बाई पंच असतात, आत आपण एकटेच. काट्यावर उभी राहिले. त्रेसष्ट किलो आठशे. सोनल बाहेरून विचारतेय, किती, किती. मी बांगड्या काढल्या, कानातले काढले. आणखी थोडा वेळ होता, तर सरांनी स्वेटर घालून मैदानाला पळवलं. ऑगस्टमध्ये स्वेटर. तो बरोबर आणला होता म्हणजे सरांना आधीच माहीत होतं. परत काट्यावर, तरी आपलं वर ते वरच. सोनल म्हणाली, वेणी कापू का. ती पार्लरवाली, तिला तेवढंच सुचणार. सर म्हणाले, वेणीत पुरणपोळी नाही.

मग पंचबाई म्हणाल्या, या गटात बसत नाही, पण वरच्या गटात उभी राहायची तयारी असेल तर नाव तिकडं घालते. सर माझ्याकडे पाहायला लागले. वरच्या गटात जळगावची कामिनी होती, पोलिसात आहे. खांदे असे की दारातून आडवी यावी लागेल. मी म्हटलं, घाला.

सर मग हसले. पहिल्यांदाच त्या दिवशी. म्हणाले, "खाल्लंयस तर आता वापर."

पहिला प्रकार बरा गेला. त्यात एका दमात डोक्यावर न्यायचं असतं. तीनदा संधी मिळते, माझ्या दोन चांगल्या झाल्या. दुसऱ्या प्रकारात बार आधी खांद्यावर घेत खाली बसायचं, मग उठायचं, मग डोक्यावर. शेवटची संधी उरली तेव्हा मी चौथी होते. सरांनी बारवर एवढं चढवलं की मी जिममध्ये एकदाही उचललेलं नव्हतं. म्हणाले, हे गेलं तर पदक, नाहीतर डबा खाऊन घरी.

बार खांद्यावर आला. खाली बसले. आणि उठता येईना. भाऊ, पार बुडाशी अडकले. पंख्यांची घरघर तेवढी कानात. डोळ्यांसमोर काळं आलं, हात सुटायच्या बेतात होते. आणि त्या घरघरीवर तिसऱ्या रांगेतून आईचा आवाज, मळ्यात हाक मारतात तसा:

"दिपू, भाऊना वाटाना रोट बी तूच खादात, आते ऊठ."

धुळ्याचा हॉल तो. त्यातल्या निम्म्या घरांनी कालच रोट संपवलेले. पहिल्यांदा मागची एक बाई हसली, मग सगळी रांग, मग पंचांनी तोंडावर कागद धरला. आणि मलाही हसू आलं. वजन खांद्यावर घेऊन कोणी हसतं का, सर म्हणतात त्यांनी आख्ख्या नोकरीत पाहिलं नाही. पण हसताना आतून काहीतरी सुटलं आणि मी उठले. मग डोक्यावर गेलं. पंचांचे पांढरे दिवे लागले. मी बार खाली टाकला आणि आईकडे पाहिलं तर ती डबा उघडून शेजारच्या बाईला शेव देत होती, काही झालंच नाही असं दाखवत. निम्मी शेव खाली सांडली.

कामिनी पहिली आली. तिनं मला कडकडून मिठी मारली आणि विचारलं, तुमच्यात मुठीमागं किती घेतात. मी सांगितलं सव्वाशेर. म्हणाली, आमच्यात सव्वा पाव, म्हणून मी वेळेवर वजनात बसते.

घरी येताना सरांनी हळूच सांगितलं, त्रेसष्टच्या गटात जी पहिली आली तिच्यापेक्षा मी जास्त उचललं होतं. म्हणजे सोनं माझंच होतं, आठशे ग्रॅमनं गेलं. मी मनात तपासून पाहिलं वाईट वाटतंय का. नाही वाटलं. अजिबात नाही.

आता काकू गावभर सांगतेय, आमची दिपू धुळ्याहून पदक घेऊन आली. नवऱ्यानं टाकलेली म्हणणाऱ्यांना ती परस्पर गप्प करतेय, मला काही बोलावं लागत नाही. आबांनी पदक दोन दिवस सदऱ्याच्या खिशात ठेवलंय, कोणी आलं की काढून दाखवतात आणि परत घालतात. आणि हो, तुझ्या हुसैनचाचांचं त्यांना सांगितलं. आबा म्हणाले, मुद्गल आपलेच, त्यांना सांग. मग कोठीतून स्वतःचे जुने मुद्गल काढून फिरवायला गेले, तर आईनं हिसकावून घेतले. जॉयला माझा नमस्कार सांग. तिच्या आईलाही.

भाऊ, डिसेंबरमध्ये ये. यावलला जायचं नाही आपल्याला, विक्रमला फोनही करू नकोस. त्याचं भलं होवो. स्टेशनवर मी घ्यायला येईन, तुझ्या बॅगा मी उचलीन, तू नुसता हात हलवत चाल. तुला अजूनही वाटत असेल, की तू माझं वाईट केलंस, तर येऊन मला डोळ्यांनी पाहा. खांदे बघ, मग बोल.

पुढच्या श्रावणात आबा पुन्हा मुठी टाकतील. तेव्हा जमलं तर तू घरी राहा आणि तुझा वाटा तुझा तू खा, मला त्रेसष्टच्या गटात उभं राहायचंय. माझा वाटा मात्र मी कोणाला देणार नाही.

तुझी बहीण, या घरची एक मूठ,
दिपमाला